खारफुटी लावतानाचा फोटो आणि त्याच्या नंतरची पाच वर्षं

खारफुटी लावतानाचा फोटो तुम्ही बघितलेला असणारच. गुडघाभर चिखल, सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट, हातात कांदळाची, म्हणजे खारफुटीच्याच एका जातीची, ती लांबट हिरवी शेंग आणि मागे बॅनर. मला या फोटोंचा राग येत नाही, माणसं सुट्टीच्या दिवशी उठून चिखलात उतरतात हे चांगलंच आहे. पण असा फोटो समोर आला की माझी नजर आधी माणसांच्या मागे जाते, भरतीचं पाणी कुठवर येत असेल याचा काही अंदाज लागतोय का ते बघायला. कारण बऱ्याचदा जिथे ही रोपं खोचलेली असतात तिथे खारफुटी आधी कधी नव्हतीच, आणि ती का नव्हती हे त्या किनाऱ्यावर रोज येणाऱ्या कुठल्याही माणसाने दोन मिनिटांत सांगितलं असतं. विचारलं असतं तर.

खारफुटीचं गणित तसं सोपं आहे. समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोठ्या भरतीच्या रेषेपर्यंतचा जो पट्टा असतो तो तिचा. दिवसातला काही वेळ मुळं पाण्यात आणि बराच वेळ उघड्यावर, असं तिला लागतं. त्याच्या खालच्या उघड्या चिखलात लावलीत तर ती बुडून मरते, एवढंच. पण तो खालचा चिखल मोकळा असतो, कुणाच्या नावावर नसतो, तिथे कुणी भांडायला येत नाही, म्हणून कार्यक्रम तिथेच होतात. आणि कांदळ का लावतात, तर त्याचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं होतं, ते उचलायचं आणि खोचायचं, शाळेच्या पोरांनाही जमतं. तिवर किंवा चिप्पी या खारफुटीच्या दुसऱ्या जाती लावायच्या म्हणजे बारीक बियांपासून रोपं तयार करा, वाढवा, मग न्या. पण समुद्राच्या बाजूला, लाटांच्या तोंडावर, मुळात तग धरतात त्या बऱ्याच ठिकाणी तिवर आणि चिप्पीच.

फिलिपिन्समध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या अनेक वर्षांच्या लागवडीचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात निष्कर्ष असा की इतका पैसा ओतून जगलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के. कारणं तीच, चुकीची जात आणि चुकीची जागा. खारफुटीला जो मधला आणि वरचा पट्टा हवा असतो त्यावर मत्स्यतलाव झालेले, आणि तलाव म्हणजे कुणाचा तरी धंदा, त्याला हात कोण लावणार. मग लागवड ढकलली खाली, चिखलात आणि कधी कधी चक्क समुद्री गवताच्या कुरणांवर. म्हणजे एक अधिवास वाचवायला दुसरा मारायचा. आणि ज्या बायका ओहोटीला तिथे शिंपले वेचतात त्यांची वेचायची जागाही त्यात जाते, ती वेगळीच.

श्रीलंकेचे आकडे तर आणखी बोलके आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे खारफुटी लावायची लाटच आली होती. नंतर संशोधकांनी २३ ठिकाणं फिरून बघितली. सुमारे १,००० ते १,२०० हेक्टरवर काम झालेलं, आणि त्यातली जेमतेम २०० ते २२० हेक्टर खऱ्या अर्थाने जगलेली. नऊ ठिकाणी एकही रोप शिल्लक नाही. जमिनीची उंची चुकली, माती चुकली, आणि लावून झाल्यावर कुणी परत बघायला गेलंच नाही, गुरं शिरली, तुडवलं.

हे ‘कुणी परत गेलंच नाही’ माझ्या डोक्यात फार दिवस फिरतंय. कारण परत जाणारा माणूस हा बाहेरचा असूच शकत नाही. ज्याला तिथून रोज जावंच लागतं, होडी काढायला, खेकडे धरायला, गुरं चारायला, तोच परत जातो. आणि आपल्याकडे ‘लोकसहभाग’ म्हटलं की नेमकं त्यालाच आपण काय देतो, तर जनजागृती. स्लाइड शो. खारफुटी किती महत्त्वाची आहे हे त्याला सांगायचं, ज्याच्या तीन पिढ्या तिच्याच आधाराने मासे धरत आल्यात त्याला! मग हजेरीच्या कागदावर सह्या, चहा, आणि रिपोर्टमध्ये एक ओळ की इतक्या स्थानिकांचा सहभाग. मला विचाराल तर हा सहभाग नाही, ही उपस्थिती आहे. जागा निवडताना त्याचं ऐकलं का, तिथे काय करायचं आणि काय नाही हे ठरवायचा अधिकार त्याला दिला का, यावर सगळं अवलंबून आहे. बाकी सगळं सजावट.

तमिळनाडूतल्या पिचावरमचं काम मला या बाबतीत फार आवडतं. तिथली खारफुटी इंग्रजांच्या काळापासून पट्ट्यापट्ट्याने साफ तोडली जायची. तोडलं की वाढेल परत, असा हिशोब. पण झालं असं की उघडी पडलेली जमीन उन्हाने वाळून खचली, मधे बशीसारखे खोलगट भाग तयार झाले. भरतीचं पाणी आत यायचं पण बाहेर पडायचं नाही, तिथेच आटायचं, मीठ मागे राहायचं, आणि मीठ इतकं वाढलं की बी येऊन पडलं तरी रुजेना. तिथे कितीही रोपं लावली असती तरी मेलीच असती. म्हणून एम. एस. स्वामिनाथन यांच्या फाउंडेशनने वनखातं आणि गावकऱ्यांबरोबर मिळून आधी चर खणले, एक मोठा चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके छोटे चर, वरून बघितलं तर माशाच्या काट्यासारखं दिसतं, म्हणून त्याला फिशबोन कालवेच म्हणतात. भरतीचं पाणी आत जायला आणि ओहोटीला बाहेर यायला वाट झाली, मीठ धुऊन निघालं, मग झाडं.

आता यात गंमत पुढे आहे. चर खणणं हे एकदाचं काम नाही. भरतीबरोबर गाळ येतोच आणि चर बुजत जातात, विशेषतः तोंडाशी. तोंड बुजलं की आतला सगळा चर गेला, परत तीच बशी. म्हणजे कुणीतरी जाऊन बघायचं, कुठे गाळ बसलाय, कुठून पाणी फिरत नाही, आणि तो उपसायचा. दर वेळी. गावपातळीच्या समित्या लागतात त्या इथे, उद्घाटनाच्या स्टेजवर नाही. नकाशावर एक बारीक रेघ असते तो चर, पण तो चालू आहे की मेलाय हे पाण्याच्या वेगावरून कळतं आणि तो वेग होडीवाल्याला कळतो.

अमेरिकेत रॉबिन लुईस नावाचे एक तज्ज्ञ होते, त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की आधी पाणी दुरुस्त करा, बी बहुतेक वेळा आपणहून वाहत येतं, लावायची गरजच पडत नाही. पण ‘आम्ही एक बांध फोडला आणि वाट बघितली’ याचा फोटो काय काढणार?

उलट बाजूनेही तसंच आहे बघा. खारफुटी मारायला कुऱ्हाड लागत नाही. भरती ज्या नाल्यातून आत येते त्याच्या तोंडाशी थोडा राडारोडा टाकला, एखादी मोरी बंद केली, की झालं. झाडं उभ्या उभ्या सुकतात, दीडदोन वर्षांनी तिथे ‘मुळात पडीक’ जमीन असते आणि तोडलं कुणी म्हणून विचारलं तर कुणीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात महाराष्ट्रभरच्या खारफुटीला संरक्षण दिलंय, भोवती ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितलाय, कायदा चांगला भक्कम आहे. पण पाणी यायचं थांबलंय हे सॅटेलाइटला दिसेपर्यंत पानं पिवळी झालेली असतात. आत जाणाऱ्या माणसाला ते त्याच पंधरवड्यात कळतं, उधाणाला जिथे पाणी यायला हवं तिथे आलं नाही एवढ्यावरून. त्याला हे कळवायला एक नंबर हवा आणि कळवल्यावर त्याच्यावरच कुणी दादागिरी करणार नाही याची खात्री हवी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे आणि तिच्याबद्दल कुठल्याच प्रशिक्षणात बोलत नाहीत.

हक्काचं म्हणाल तर इक्वाडोरचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे कोळंबीच्या तलावांनी खारफुटी खाऊन टाकली होती, मग सन २००० च्या आसपास सरकारने परंपरेने तिथे खेकडे-शिंपले काढणाऱ्यांच्या संघटनांना खारफुटीचा ताबा द्यायला सुरुवात केली. ताबा म्हणजे मालकी नाही, करार. तुम्ही राखायचं, तुम्हीच काढायचं, बाहेरचा आला तर तक्रार करायची. यामुळे कोळंबीवाल्यांना अडवायला कागद मिळाला हातात, ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण त्याची दुसरी बाजू पण नंतर अभ्यासात आली, की जे शिंपले वेचणारे कुठल्याच संघटनेत नव्हते ते बाहेर पडले, त्यांना उरलेल्या मोकळ्या जागांत गर्दी करावी लागली. म्हणजे ‘स्थानिक’ म्हणून आपण ज्यांच्याशी बोलतो ते गावातले सगळे असतातच असं नाही. बहुतेक वेळा ज्याला मीटिंगला यायला वेळ आहे तो स्थानिक. ज्या बाईला ओहोटीची वेळ गाठायची असते ती मीटिंगला येत नाही, आणि मीटिंगची वेळ ओहोटी बघून ठरवलीय असं मी अजून तरी ऐकलं नाही.

असो. खारफुटीवरच फार झालं, पण किनाऱ्यावरच्या वनस्पती म्हटलं की सगळे तिथेच अडकतात, वाळूच्या टेकड्यांकडे कुणी बघतच नाही. वाळू म्हणजे रिकामी जागा अशी आपली समजूत. त्या वाळूवर मर्यादवेल असते, रावणाच्या मिशा असतात, त्या वाळू धरून ठेवतात, लाटांनी नेलेली वाळू वाऱ्याने परत येते तेव्हा तिला अडवतात. २००४ नंतर आपल्या पूर्व किनाऱ्यावर त्सुनामीपासून बचाव म्हणून कित्येक ठिकाणी याच वाळूवर सुरूच्या झाडांची रांगच रांग लावली. सुरूच्या सुयांचा जाड थर खाली पडतो, त्यात वाळूवरचं मूळचं काही फारसं उगवत नाही, आणि कासवांना अंडी घालायला उघडी वाळू लागते ती पण जाते. आणि मजा म्हणजे यातही स्थानिकांचा ‘सहभाग’ होताच, खड्डे त्यांनीच खणले, मजुरी मिळाली. काय लावायचं हे त्यांना विचारलं नव्हतं इतकंच.

न्यूझीलंडमध्ये वाळूवर उगवणारी पिंगाओ नावाची एक वनस्पती आहे, पानं वाळली की सोनेरी होतात. माओरी लोक विणकामात ती वापरतात, रंग न देता तो सोनेरी पट्टा मिळतो त्यातून. गुरांनी चरून, गाड्यांनी तुडवून, आणि युरोपातून वाळू थोपवायला आणलेल्या मॅरम गवताने जागा बळकावून पिंगाओ बऱ्याच किनाऱ्यांवरून गेली. ती परत लावण्यात माओरी विणकरांचा मोठा वाटा आहे आणि त्यांना ती परत हवीय कारण त्यांना ती कापायचीय! हे आपल्या संरक्षणवाल्या डोक्याला पटकन पचत नाही, आपल्याला वाटतं वाचवायचं म्हणजे हात लावायचा नाही. पण जो माणूस पानं घ्यायला येणार आहे तो मुळं शाबूत ठेवतो, कुठल्या जागी चांगली वाढते हे लक्षात ठेवतो, आणि कुणी जीप घातली तर भांडतो. पाटी भांडत नाही.

आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही, माखर नावाची जी किनारी कुरणं आहेत ती तर मला सगळ्यात पटणारी गोष्ट वाटते. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत येऊन पसरते, त्यावर उन्हाळ्यात इतकी रानफुलं येतात की युरोपच्या कायद्याने हा अधिवास खास यादीत घातलाय. पण हे जंगली नाहीये. तिथले छोटे शेतकरी शतकानुशतकं तिथे थोडी ओट, राय, बार्ली पेरत आले, किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्री शेवाळ खत म्हणून टाकत आले, दोन वर्षं पेरायचं मग जमीन पडीक ठेवायची, हिवाळ्यात गुरं सोडायची. फुलं याच फेऱ्यातून येतात. शेतकरी म्हातारे झाले, पोरं बाहेर गेली, शेती थांबली तर फुलं वाढत नाहीत, उंच माजोरी गवत वाढतं आणि फुलं कमी होतात. इथे कुंपण घालून माणसं बाहेर काढणं हाच सगळ्यात मोठा धोका. म्हणून २०१० ते २०१४ मध्ये तिथे जो प्रकल्प झाला तो मुख्यतः शेतकऱ्यांबरोबरच होता, शेवाळाचं खत वापरा, पीक उशिरा कापा, असल्या गोष्टींसाठी त्यांना मदत करायचा.

म्हणजे कुठे माणसाने पाय काढायचा, कुठे पाय टाकत राहायचं, हे प्रत्येक जागी वेगळं आहे, आणि दिल्लीत किंवा ब्रसेल्समध्ये बसून ते कळणार नाही. हे लिहितानाच मला दिसतंय की ‘स्थानिकांना सगळं माहीत असतं’ या टोकाला जाणं पण सोपं आहे. नसतं सगळं माहीत. आजोबांना माहीत होतं ते नातवाला माहीत असेलच असं नाही, आणि एखादी दुर्मीळ वनस्पती जिचा कुणालाच काही उपयोग नाही, ना खायला ना औषधाला, तिला गावात नावच नसतं बऱ्याचदा. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ लागतोच, त्याने येऊन दाखवायला लागतं की हे बघा, तुमच्या पायाखाली हे आहे. (आणि अशा वनस्पतीचं नेमकं लोकेशन फोटोबरोबर टाकू नका, प्लीज, गोळा करणारे असतात.)

पैशाचा विषय टाळता येत नाही. केनियातल्या गाझी उपसागरात मिकोको पामोजा नावाचा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, ११७ हेक्टर खारफुटी राखायची, त्यात साठणाऱ्या कार्बनचे क्रेडिट, म्हणजे इतका कार्बन इथे राखला असं सांगणारे कागद, विकायचे, वर्षाला साधारण ३,००० टनांचे, आणि आलेला पैसा गावाने ठरवून पाण्याच्या सोयीवर, शाळेच्या पुस्तकांवर खर्च करायचा. रक्कम अवाढव्य नाही. पण काय करायचं हे गाव ठरवतं. आणि सरपणाला खारफुटी तुटू नये म्हणून त्यांनी वेगळी झाडं लावली, आणि ती कुठली, तर सुरू. आपल्या वाळूवर घोळ घालणारा तोच सुरू योग्य जागी गेला की कामाचा होतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१२ पासून सरकारचा कांदळवन कक्ष आहे (कांदळवन म्हणजे खारफुटीचं जंगल), २०१७ पासून कांदळवन संवर्धन आणि उपजीविकेची योजनाही आहे, त्यात गावाची सह-व्यवस्थापन समिती आणि खेकडापालन, कालवंपालन, शोभेचे मासे, पर्यटन असं काय काय गटांना करता येतं. गटाला ९० टक्के अनुदान आणि १० टक्के स्वतःचे. हे १० टक्के मला महत्त्वाचे वाटतात, फुकटचा पिंजरा आणि स्वतःचे पैसे घातलेला पिंजरा यात फरक पडतोच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात, ते या सगळ्यातलं मला सरळ वाटणारं काम, झाडं उभी असतील तरच होडीत गिऱ्हाईक बसेल. खेकड्यांचं तसं नाही, पिल्लं कुठून आणणार हा प्रश्न राहतो, जंगलातूनच धरून आणली तर मग वाचवलं काय.

आणि सगळेच ‘स्थानिक’ गरीब मच्छीमार नसतात हेही आहेच. इंग्लंडच्या दक्षिणेला स्टडलंडच्या उपसागरात समुद्री गवताचं कुरण आहे, त्यात समुद्री घोडे राहतात, आणि तिथे हौशी बोटवाले नांगर टाकतात. बोटी बांधायला पाण्यात कायमचे तरंगत ठेवलेले बोये असतात, त्यांचं तर आणखी वाईट, बोयाची साखळी ओहोटीला ढिली पडते आणि बोट फिरेल तशी तळावर गोल गोल घासत राहते, तिथे गवताच्या मधे टक्कल पडतं. नुसती बंदी घातली असती तर कोर्टकचेऱ्या झाल्या असत्या. मग वेगळे बोये आले, ज्यांची दोरी ताणली जाते आणि तळाला टेकतच नाही, आणि २०२१ च्या डिसेंबरपासून काही भागात स्वेच्छेने नांगर न टाकण्याचा पट्टा ठरवला. बोटवाले आनंदाने नाचले असं नाही, वाद झालेच. पण बोटीला बांधायला जागा मिळाली की बोलणं तरी सुरू होतं.

मग आपल्यासारख्या बाहेरच्यांनी करायचं काय, असं मला एका मैत्रिणीने विचारलं, जरा चिडूनच, कारण ती अशा लागवडीला दर वर्षी जाते. करण्यासारखं भरपूर आहे की. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचं ईलग्रास, म्हणजे समुद्री गवतच, १९३० च्या दशकात रोग आणि वादळाने पार संपलं होतं. गेल्या वीसेक वर्षांत तिथे ७ कोटींहून जास्त बिया टाकल्या गेल्या आणि आता सुमारे ३,६०० हेक्टर गवत आहे. बिया गोळा करायला वसंतात स्वयंसेवक पाण्यात उतरतात, बी असलेले दांडे हाताने खुडतात, मग ते टाक्यांमध्ये ठेवायचे, बी सुटलं की निवडायचं आणि शरद ऋतूत पाण्यात टाकायचं. कंटाळवाणं, ओलं, पाठ मोडणारं काम आहे, आणि त्यात बाहेरचे हात खरंच लागतात. तसंच परदेशी तण उपटणं, चरातला गाळ काढणं, ठरलेल्या एकाच खुंटावरून दर तीन महिन्यांनी एकच फोटो काढणं, अनुदानाचे फॉर्म भरून देणं. शेवटचं तर फारच, कारण गावातल्या गटांचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं आणि आपल्याला एक्सेल येतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर हल्ली लागवडीच्या कार्यक्रमाचा मेसेज आला की मी उलट दोन गोष्टी विचारते, जागा कुणी निवडली, आणि दोन वर्षांनी तिथे जाऊन बघणाऱ्या माणसाची मजुरी कोण देणार आहे. पहिल्याचं उत्तर लगेच येतं, पिन लोकेशनसकट. दुसऱ्याला बहुतेक वेळा ‘विचारून सांगतो’ म्हणतात. एका ग्रुपने मात्र खरंच विचारलं आणि सांगितलं की टीशर्ट रद्द करून त्या पैशात तिथल्या दोन होडीवाल्यांना वर्षभर ठेवतोय. तिथे मी जाणार आहे, घरातला जुना शर्ट घालून.